आवळलेली साखळी

नाचणगावच्या तानबा फिटरचं एक ठाम मत होतं: ढिलं बांधलेलं ते बांधलेलंच नव्हे! वर्धा नदीला पूर आला, की काठावरचं ऑइल इंजिन तो बाभळीच्या बुंध्याला असं आवळायचा, की पूर ओसरल्यावर ते जागच्या जागी सापडायचं. गावात त्याच्या गाठीला मान होता आणि त्याला त्या मानाचा माज.

चौऱ्याऐंशी साली नागपूरच्या एका इंजिनियरसाहेबांनी त्याला कोकणात नेलं. लाटांवर वीज तयार करणारा लोखंडी तराफा समुद्रात सोडायचा होता.

"तराफा समुद्रतळाशी बांधणारी साखळी ढिलीच ठेवा, तानबा. लाटेबरोबर तराफा वर गेला पाहिजे," असं बजावून साहेब जेवायला गेले.

तानबाला ती लोंबती साखळी बघवेना. "हे का बांधनं झालं?" म्हणत त्याने तराफ्यावर चढून ती कप्पीने ताणताण ताणली आणि समाधानाने किनाऱ्यावर परतला.

दुपारी वारा फिरला. पहिली मोठी लाट आली, तसा तराफा वर जायला धडपडला. साखळीने त्याला जाऊ दिलं नाही. लाट त्याच्या डोक्यावरून गेली. पुढच्या लाटेला साखळीची कडी पत्र्यासकट उपटून निघाली आणि तराफा खडकावर आपटून डब्यासारखा चेपला.

गावी परतल्यावर बायकोने, शोभाबाईने, जेवताना विचारलं, "कसा असते व्हय समुद्र?"

तानबाने भाकरीचा घास ताटात परत ठेवला.

"आपली नदी मारते अन् निघून जाते व," तो म्हणाला. "तो जातच नाई."