दगडूनानांचे अर्धे उपरणे

दगडूनाना मिस्तरींची साठी नंदुरबारात साजरी होत आहे आणि या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान माझ्यासारख्या देवी टोचत हिंडणाऱ्या माणसाला मिळाला, याचे मला मोठे अप्रूप वाटते. मोटारीतले मला फारसे कळत नाही. जे थोडे कळते ते नानांनी रागावून शिकवलेले आहे.

आमची ओळखच मुळी भांडणाने झाली. दुसऱ्या महायुद्धापूर्वीची गोष्ट. दवाखान्याची जुनी मोटार बंद पडली म्हणून मी त्यांच्या कारखान्यात कॉइल मागायला गेलो. "रेझिस्टर कोठे शे?" नानांनी विचारले. तो मोटारीतच आहे, मला घाई आहे, कॉइल तेवढी द्या, असे मी म्हणालो. नाना उखडले. "एकली कॉइल मी कोनलेच देत नही, डाक्टरसाहेब. हाई जोडी शे."

मग रागातच त्यांनी समजावून सांगितले. कॉइल इंजिनाला ठिणगी देते आणि चिनीमातीवर तार गुंडाळलेला तो लहानसा रेझिस्टर बॅटरीची वीज आवरून धरतो. जोडी नीट जुळलेली नसेल तर ठिणगी मंद पडते, नाहीतर कॉइल तापून जळते. नाना वेगवेगळ्या कॉइलींना वेगवेगळे रेझिस्टर लावून बघत, इंजिन चालू ठेवून कॉइलवर तळहात टेकवून बसत आणि मनासारखे जुळले की दोन्ही सुतळीने एकत्र बांधून फळीवर ठेवत. मुलीच्या बापानेही स्थळ पाहताना इतकी चिकित्सा केली नसेल. त्या दिवशी मोटार कारखान्यात ओढून आणावी लागली. जोडी जुळेपर्यंत नानांच्या पत्नी जिजावहिनींनी मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. पुढे त्या घरी मी किती वेळा जेवलो, याचा हिशेब वहिनींनी ठेवला नाही, हे माझे नशीब.

लढाईत पेट्रोल मिळेनासे झाले आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. त्याच दिवसांत धडगावकडच्या पाड्यांवर देवीची साथ आली. लस बर्फात घालून निघायचे होते. बर्फ वितळून लस तापली, तर ती टोचून काही उपयोग नव्हता आणि दुसरी लवकर येणार नव्हती. कोळशाच्या गॅसला ठिणगी जोरकस लागते, तेव्हा घाट चढेल की नाही या काळजीने नाना स्वतः बरोबर आले. आणि ज्या माणसाने जन्मभर जोडी फोडू दिली नाही, त्यानेच निघताना रेझिस्टर वगळून तार सरळ कॉइलला जोडली.

मोटार सुरुवातीला अशी ओढत होती की रामदास ड्रायव्हर खूश झाला. निम्मा घाट चढलो आणि इंजिन गप्प झाले. कॉइलला हात लावणे अशक्य होते, तिच्यातले डांबर बाहेर ओघळले होते. ऊन रणरणत होते. मी रामदासला काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "त्याले काही बोलू नका. चूक मन्ही शे."

पाणी एका मडक्यापुरते उरले होते. नानांनी खांद्यावरचे उपरणे मधोमध फाडले. पहिला तुकडा भिजवून लसीच्या पेटीवर घातला, दुसरा कॉइलभोवती गुंडाळला. "पहिले तुम्हनी पेटी," एवढेच बोलले. कॉइल निवल्यावर रेझिस्टर पुन्हा जोडला. आता अर्धवट जळालेल्या कॉइलच्या मंद ठिणगीवर गॅस पेट घेईना, म्हणून सुरू करण्यापुरते राखलेले पेट्रोल इंजिनाला दिले. थोडे चढायचे, थांबायचे, फडके ओले करायचे, असे करत आम्ही वर पोहोचलो. पेटी उघडली, तेव्हा तळाशी बर्फाचे खडे शिल्लक होते. मला रडू आले, ते मी लपवले नाही.

ती जळलेली कॉइल आजही कारखान्याच्या दारावर टांगलेली आहे. कोणी विचारले तर नाना सगळी हकिकत सांगतात, पण उपरण्याचा भाग गाळतात. म्हणून तो मी इथे लिहिला.

मी धडगावहून परतलो की नाना अजून मोटारीची चौकशी आधी करीत नाहीत. "पोरे बठ्ठा बरा शेतस ना?" पोरे सगळी बरी आहेत ना, हाच पहिला प्रश्न. यंदा आम्ही तिकडच्या बाजारात बरोबर होतो. एका पावरा आदिवासी बाईने मला ओळखले आणि मुलीला पुढे करून तिच्या दंडावरचे, त्या साथीत देवी टोचल्याचे वण दाखवले. शेजारी उभे असलेले नाना कोण, हे तिला ठाऊक नव्हते. मी सांगणार, तोच नानांनी मला डोळ्यांनी दटावले, खांद्यावरचे उपरणे काढले आणि आधीच स्वच्छ असलेले मोटारीचे बॉनेट पुसत राहिले.

नाना, तुम्हाला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, जिजावहिनींच्या सोबतीने लाभो. सत्कारात तुम्हाला नवे उपरणे मिळेल. ते अख्खे राहो. मात्र पुन्हा तशी वेळ आली तर तुम्ही तेही फाडाल, याची मला खात्री आहे, आणि धडगावच्या पाड्यांवर आज हुंदडणाऱ्या पोरांच्या वतीने मी तुम्हाला नमस्कार करतो.