देव न मानणारे रामटेकेभाऊ

नवा माणूस भेटला की रामटेकेभाऊ त्याचं नाव-गाव नंतर विचारायचे. आधी त्यांचा एक ठरलेला प्रश्न असायचा. "तुमच्या घरी मोठा सण असला, म्हणजे घरातली बाई किती वाजता जेवते?"

बहारीनमधल्या सित्र्याला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये हा प्रश्न सगळ्यांच्या वाट्याला येऊन गेला होता. केरळच्या ख्रिस्ती वेल्डरला त्यांनी नाताळाबद्दल विचारलं, तामिळ सुपरवायझरला पोंगलबद्दल, पाकिस्तानी इलेक्ट्रिशियनला ईदबद्दल. सगळ्यांना आपल्या नागपुरी हिंदीत, अगदी गंभीरपणे. लोक आधी हसायचे, मग आठवायला लागायचे आणि बहुतेकांना उत्तर सापडायचं नाही. मलाही सापडलं नाही. मी झिंजच्या स्टॉपवर पहिल्यांदा बसमध्ये चढलो तेव्हा फक्त त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती. "ईदच्या दिवशी ना? जेवत असेल आमच्याबरोबरच," असं काहीतरी मी म्हणालो. संध्याकाळी घरी येऊन शाहीनला, माझ्या बायकोला, विचारलं. ती भांडी घासत होती. वळूनही न बघता म्हणाली, "शेवटचे पाहुणे गेले की. तोपर्यंत भूक मेलेली असते."

दुसऱ्या दिवशी मी भाऊंना ते सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं होतं, आता हा माणूस आमच्या धर्मावर काहीतरी बोलणार. पण ते म्हणाले, "तू घरी जाऊन विचारलं, हे बरं केलं. लोक विचारत नाहीत."

ते मूळचे भंडाऱ्याकडचे. आमच्या वर्कशॉपमध्ये प्रेशर गेज तपासायचं काम करायचे. मी त्याच कंपनीत स्टोअरला होतो, गुहागरकडचा कोकणी मुसलमान. बहारीनमध्ये आलो नसतो तर भंडाऱ्याच्या माणसाशी माझी आयुष्यात गाठ पडली नसती. त्यांच्या "काहून" आणि "कायले"ची मला सुरुवातीला गंमत वाटायची, आणि माझं "नाय" ऐकून ते हसायचे. ते जिदहफ्सला राहायचे, बायकोबरोबर. मूलबाळ नव्हतं. वंदनावहिनींच्या घरात एका कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती होती आणि रोज संध्याकाळी तिथे मेणबत्ती लागायची. भाऊ तिच्यासमोर हात जोडायचे नाहीत. पण मेणबत्त्या संपत आल्या की बाजारातून आणायचे तेच. मी एकदा डिवचलं तर म्हणाले, "मानते ती. आणतो मी. यात कायचं भांडण?"

त्यांच्याच समाजातले काही लोक मात्र त्यांच्यावर नाराज असायचे. एप्रिलमधल्या जयंतीला इथली मंडळी हॉल घेऊन कार्यक्रम करतात. एका वर्षी भाऊंना बोलायला उभं केलं. ते म्हणाले, "ज्यांनी आपल्याला प्रश्न विचारायला शिकवलं, त्यांच्याच गळ्यात हार घालून आपण त्यांना गप्प करून राहिलो."  पुढच्या वर्षी त्यांना भाषणाला बोलावलं नाही, तर ते खुर्च्या लावायला गेले. मी विचारलं, राग नाही आला? "राग कायचा? माणसं माह्यी आहेत. आणि खुर्च्या लागतातच."

रमजानमध्ये बसमध्ये ते पाण्याची बाटली बॅगेतून बाहेर काढायचे नाहीत. तो इथला कायदाच आहे, त्यात विशेष काही नाही. पण दुपारी आम्ही दोघंच स्टोअरमध्ये असलो तरी ते खायचे नाहीत. मी सांगून पाहिलं, भाऊ, पॅन्ट्रीत जा, पडदा आहे, बिगरमुसलमानांसाठीच ठेवलाय तो. ते म्हणाले, "मी रोजा करून नाही राहिलो, इक्बाल. तुह्यासमोर घास गिळत नाही, एवढंच. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यात मिसळ करू नको."

असा माणूस सुट्टीच्या दिवशी काय वाचायचा, तर धर्माचीच पुस्तकं. कुराणाचं मराठी भाषांतर, बायबल, कुठली कुठली पुराणं. मी एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, तुमचा देवावर विश्वास नाही ना? मग सोडून द्या की. आम्ही बघतो आमचं. तुम्हाला कशाला एवढी काळजी?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बस पुलावरून सित्र्याकडे वळत होती. "सांगीन कधी," म्हणाले.

ती वेळ माझ्याच घरात आली.

माझी मुलगी अल्फिया तेव्हा प्राथमिक शाळेत होती. एक दिवस वर्गात बाकावरून खाली पडली. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की ही मिरगी आहे, रोज गोळ्या द्याव्या लागतील, न चुकता, कदाचित काही वर्षं. पोरीला आपल्याला काय झालंय हे धड कळलं नव्हतं. घरी आल्यावर ती शाहीनला इंग्रजीत विचारत होती, मी वर्गात सगळ्यांसमोर पडले का, सगळ्यांनी बघितलं का.

त्या वेळी माझी आई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आली होती. तिनं अल्फियाला दुसऱ्यांदा झटका आलेला डोळ्यांनी पाहिला आणि तिचा निर्णय झाला. "हा डॉक्टरचा काम नाय. हा बाहेरचा हाय," असं ती म्हणाली. गावाजवळ एक बाबा होता, त्याच्याकडे न्यायचं. माझ्या थोरल्या भावानं फोनवरून त्याच्याशी बोलूनही घेतलं. बाबानं सांगितलं होतं की पोरीला घेऊन या, पण आधी गोळ्या बंद करा, गोळ्या चालू असल्या तर इलाज लागू पडत नाही. आईचा परतीचा प्रवास जवळ आला होता. ती अल्फियाला बरोबर नेणार होती. शाहीन नको म्हणत होती, पण सासूसमोर तिचा आवाज निघत नव्हता. मी आईचा एकही शब्द कधी मोडला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. न जाणो, बाहेरचंच असलं तर?

बसमध्ये मी हे भाऊंना सांगितलं.  "गोळ्या बंद केल्या का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, अजून नाही. "आज संध्याकाळी येतो," ते म्हणाले.

संध्याकाळी ते वहिनींना घेऊन आले. वहिनी आत शाहीनजवळ जाऊन बसल्या. भाऊ आईसमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि हळूहळू विषय काढला. आईनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"तू देव मानत नाय ना, बाबा? मंग आमच्या देवात तुजा काय काम?"

मला मान वर करता येईना. भाऊ मात्र शांतपणे म्हणाले, "बरोबर विचारता तुम्ही, अम्मा. इक्बालनंही हेच विचारलं होतं. त्याले मी सांगितलं नाही. तुम्हाले सांगतो."

मग ते आपल्या थोरल्या भावाबद्दल बोलले. प्रभाकर त्याचं नाव. त्यालाही झटके यायचे. तालुक्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या आणि बराच काळ तो चांगला राहिला. पुढे गावातल्या एका देवऋषीनं सांगितलं की तुम्ही बौद्ध झालात, जुने देव सोडलेत, म्हणून देव कोपलाय. गोळ्यांनी तो आणखी चिडतो. आजी घाबरली. तिच्या भीतीनं बापही घाबरला. गोळ्या बंद झाल्या.

"तो शेतात गेला होता, पाणी द्यायले. तिथंच झटका आला. पाटात तोंडावर पडला." भाऊंनी आपल्या घोट्याला हात लावला. "पाटातलं पाणी घोट्याएवढं होतं, अम्मा."

 आतल्या खोलीतून वहिनींच्या हुंदक्याचा आवाज आला. त्यांना ही गोष्ट माहीत असणारच, तरीही.

"प्रभाकर देव मानत नव्हता," भाऊ म्हणाले. "मीच नंतर सोडला, तो माह्याआधीच सोडून बसला होता. त्याचा काय फायदा झाला? दुसऱ्याच्या देवाच्या नावावर दुसऱ्यानं हुकूम दिला, अन् मेला तो. देव आहे का नाही, या भांडणात मले रस नाही. त्याच्या नावावर कोण काय सांगते, अन् ते कोणाच्या लेकराले भोगावं लागते, ते मले पाहावं लागते. म्हणून वाचतो, म्हणून विचारतो. तुमचा अल्ला मले तुमच्यापासून घ्यायचा नाही. पोरीच्या गोळ्या तेवढ्या चालू राहू द्या."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तरी ती म्हणाली, "तुज्या भावाचा वाईट झाला, बाबा. पन तू तर मानतच नाय. तुजा ऐकून मी माझ्या नातीचा फैसला कसा करू?"

दुसरा कोणी असता तर इथे चिडला असता. भाऊंनी मान डोलावली. "नका ऐकू माझं. कोणाचं ऐकाल ते सांगा."

आईनं थोडा विचार करून मौलानांचं नाव घेतलं. हे मौलाना महाडकडचे, आमच्या भागातल्या मुलांना कुराण शिकवायचे. आईला त्यांच्याविषयी फार आदर होता. येत्या शुक्रवारी नमाजानंतर त्यांच्या घरी जायचं ठरलं. भाऊ म्हणाले, मीही येतो. वाटेत ते माझ्यापेक्षा जास्त अस्वस्थ होते. पुन्हापुन्हा रुमालानं हात पुसत होते. मी विचारलं, "मौलानांनी बाबाकडे न्या म्हणून सांगितलं तर?" ते म्हणाले, "तर मी हरलो. पण अम्माले पटेल असं बोलणारा दुसरा कोणी आपल्याजवळ नाही."

मौलानांनी आईचं सगळं म्हणणं ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग अल्फियाला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला, दुआ केली आणि आईला म्हणाले, "अम्मा, मी पन दुआ करतो, तुमी पन करा. पन आजारी मानसाला दवा देनं हे आपल्याला सांगितलेलं काम हाय. दवा बंद करा म्हनून जो सांगतो, तो दीन-धरम सांगत नाय. त्याच्याकडे पोरीला पाठवू नका."

आई रडली. भीती सुटल्यावर माणूस रडतं तसं ते रडणं होतं. घरी आल्यावर त्या रात्रीची गोळी तिनंच अल्फियाला बिस्मिल्ला म्हणून दिली. आणि गावी परत गेली ती एकटीच. थोरला भाऊ तिच्यावर रागावला, तेव्हा तिनं त्याला फोनवर जे सुनावलं ते मला इकडे पूर्ण ऐकू आलं.

त्यानंतर भाऊ आणि मौलाना यांची दोस्ती झाली. ती पाहायला मजा यायची. दूध नसलेला काळा चहा घेत दोघं तासन् तास वाद घालायचे. एकदा मौलाना हताश होऊन म्हणाले, "भाऊ, एका गोष्टीवर तुमचा-आमचा कधी जमनार नाय." भाऊंनी कप खाली ठेवला. "एकाच? मग पुष्कळच जमलं म्हणा न." मौलाना इतके हसले की त्यांना ठसका लागला.

अल्फियाचे झटके हळूहळू कमी झाले आणि पुढे डॉक्टरांनी गोळ्याही थांबवल्या. आता ती कॉलेजात आहे. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. फक्त रामटेकेकाकांशी फोनवर मोडकंतोडकं मराठी बोलायची, कारण ते तिच्या इंग्रजीला मुद्दाम "काय म्हणते बाप्पा ही पोरगी?" म्हणायचे.

निवृत्तीनंतर भाऊ आणि वहिनी नागपूरला गेले. वर्षभरातच भाऊंच्या पोटात गाठ निघाली. शेवटचं बोलणं झालं तेव्हा आवाज अगदी खोल गेला होता. मी इंशाल्ला बरे व्हाल म्हणालो आणि जीभ चावली. ते म्हणाले, "म्हण रे. तुह्या तोंडून बरं वाटते."

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी रजा घेऊन नागपूरला गेलो. अंत्यसंस्कार होऊन गेले होते, पण शोकसभा बाकी होती. घरासमोर छोटा मांडव, भंतेजी आलेले, शेजारीपाजारी जमलेले. भाऊंचे काही जुने मित्र बाजूला उभे राहून कुजबुजत होते. हयातभर ज्यानं काही मानलं नाही, त्याच्यासाठी बुद्धवंदना म्हणायची का, असं त्यांचं म्हणणं होतं. वहिनींनी ते ऐकलं. त्या उठून त्यांच्याकडे गेल्या.

"मी विचारलं होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुमच्यानंतर तुमचं काय करू? तर म्हणाले, तेव्हा मी नसणार, तू असशील. तुला ज्यानं धीर येईल ते कर. लोकांना बोलव. ज्याला जे येते ते त्याला म्हणू दे, तू एकटी बसू नको."

 भंतेजींनी बुद्धवंदना म्हटली. शेजारच्या एका म्हातारीनं कसलासा अभंग म्हटला, अर्ध्यात विसरली, पुन्हा पहिल्यापासून म्हटला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या कडेला उभा राहून दोन्ही हात उघडले.

त्यांच्यासारख्या माणसासाठी अशी दुआ मागता येते की नाही, हे आधी मौलानांना विचारून घ्यायला हवं होतं. परत आल्यावर ते भेटले, भाऊंची आठवण काढून त्यांनीही डोळे पुसले. मी त्यांना ते विचारलं नाही.