साहेबाच्या बंगल्यात मामा

कोरेगावजवळच्या टेकडीवर इंग्रज साहेबानं बांधलेला जुना बंगला आहे. त्याच्या दिवाणखान्यात एके काळी सांबरांची मुंडकी टांगलेली असायची. आता तिथं बौद्ध ध्यानकेंद्र आहे. बुद्धमूर्तीसमोर माणसं डोळे मिटून बसतात. केंद्राची व्यवस्था मी बघते, म्हणून मामींनी मामांना माझ्याच गळ्यात घातलं. मामा आटपाडीचे, फौजेतून निवृत्त झालेले, आवाज अजून परेडच्या मैदानावरचा.

"त्यांचा राग तरी जाईल, न्हाईतर मला चार दिस घर तरी गप मिळंल," मामी फोनवर म्हणाल्या.

शिबिरात बोलायला मनाई. पहिल्याच सकाळी मामांनी अंघोळीच्या रांगेतल्या लोकांना उंचीप्रमाणे उभं केलं. बोलले नाहीत, शिट्टी वाजवली! दुपारी सगळे ध्यानाला बसलेले असताना हे दिवाणखान्याचं करकरणारं सागवानी दार बिजागरीतून काढून बसले. वर स्वयंपाकघरातलं गोडंतेल त्याला चोपडलेलं. मी त्यांना दंडाला धरून व्हरांड्यात आणलं.

"आवं मामा, बोलायचं न्हाई ठरलंय न्हवं?"

"मी कुठं बोललो? दारच बोलत हुतं."

संध्याकाळी पाण्याचा पंप खोलून अंगणात पसरलेला, आणि अख्खं शिबिर बिनपाण्याचं. मग मात्र माझा तोल गेला. त्या शांत आवारात मी ओरडले, "एका जागी बसायला काय हुतंय तुमाला?"

मामा पाना पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "बसतो गं. पर डोळं मिटलं की बरफ दिसतोय. अन् त्यात गाडल्याला आमचा गडी."

घरात हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. मी शिबिर घेणाऱ्या आचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना डोळे उघडे ठेवून बसू द्या."

मामा व्हरांड्यात, खालच्या उसाकडं बघत बसू लागले. मधूनच गालावरून हात फिरवायचे. मी तिकडं बघायचं टाळलं.

मामी न्यायला आल्या तेव्हा पायरीवर बसून मामा त्यांना त्या दोस्ताबद्दल सांगत होते. कुठल्या गावचा, कसा हसायचा, सगळं. गाडी खोळंबली तरी मामी उठल्या नाहीत.

राग गेला का? छे! आता ते दर शिबिराला सेवेला येतात. काल त्यांनी स्वयंपाकघर फौजी शिस्तीत लावलं. आज सकाळपासून मी आमटीची पळी शोधतेय.