कूलरचा पंप आणि बाबांचा हात

मी विजेला घाबरतो, आणि हे अगदी अभिमानानं सांगतो. ती दिसत नाही, आवाज करत नाही आणि नातं पाहत नाही. तरीही ऐन मे महिन्यातल्या दुपारी कूलरचा पंप मी स्वतः बदलायला घेतला. जुना जळला होता, जाळीतली वाळ्याची खस कोरडी पडली होती, आणि ऊन लागून आदल्याच दिवशी दवाखान्यातून घरी आलेले माझे बाबा त्याच खोलीत झोपले होते. खोली गार ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमचा नेहमीचा मिस्त्री अभनपुरला लग्नाला गेला होता.

सदर बाजारातून नवा पंप आणला. बायकोला मेन स्विचपाशी उभं केलं.

"का हो, विम्याचे कागद कुठं ठेवले तेवढं सांगून जा," ती म्हणाली.

"तू फक्त हात खटक्यावर ठेव."

रबरी चपला घालून बाल्कनीत कूलरमागे बसलो. लोखंडी टाकी, तळाशी पाणी आणि मी. टेप माझ्या ओल्या बोटांनाच चिकटत होती, वायरला नाही. त्यात आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कूलरला प्लग लावायची पद्धतच नाही. दोन उघड्या वायरी सॉकेटच्या भोकांत खुपसायच्या आणि वरून आगकाड्या ठोकायच्या. तिसरी हिरवी वायर, जी पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेते, तिची आम्ही सुबक गुंडाळी करून ठेवतो. दिसते छान.

मेन चालू झाला. पंपानं पाणी उचललं, खसचा वास सुटला, मी रंगमंचावरच्या राजासारखा उठलो. मग भीतीपोटी टेस्टर कूलरच्या पत्र्याला टेकवला. त्यातला दिवा लागला.

तेवढ्यात खिडकीतून दिसलं, बाबा उठून बसले होते. गार हवा पायांकडे वळवावी म्हणून कूलरच्या पट्ट्यांकडे त्यांचा हात निघाला होता. कानातलं मशीन टेबलावर पडलेलं. मी जे ओरडलो ते शब्द नव्हतेच. बाबांना ते ऐकू गेलं नाही, पण बायकोला गेलं.

पंखा घरघरत थांबला. बाबांचा हात पत्र्यावर टेकलेला होता.

"काहून बंद केलं बे?" बाबा म्हणाले. "आत्ता कुठं गार वाटून राहिलं होतं."

मी चपलांसकट तिथंच फरशीवर बसलो. बायको आली आणि तिनं माझ्या हातातला टेस्टर काढून घेतला.

मग मी आगकाड्या उपटून वायरी बाहेर काढल्या, खसची एक चौकट सोडवून बाल्कनीच्या दारात बसवली आणि बाहेर लूच्या गरम झळांत उभा राहून तिच्यावर मगानं पाणी ओतू लागलो. आतून बाबांचे हुकूम चालू होते.

"वरच्या कोपऱ्यात टाक. तिथं वाळून राहिली."

मिस्त्री परत येईपर्यंत आमच्या घरचा पंप मीच होतो. मला हात लावला तर शॉक बसत नव्हता.