शिंपले राहिले, शिंपल्या गेल्या

आमच्या हिर्डोशीच्या बाजूला नदीतल्या मोठ्या शिंपेला शिंपला म्हणतात आणि लहानीला शिंपली. शिंपल्यानं दुधाच्या पातेल्याची खरवड काढायची, कैरी सोलायची. शिंपली तान्ह्या बाळासाठी. ज्या बाळाला अंगावर ओढायची ताकद नसते त्याला आईचं दूध काढून शिंपलीनं पाजतात. ती बाळाच्या ओठांत बसेल एवढीच हवी, आईच्या माहेरच्या डोहातली हवी आणि जिवंत धरलेली हवी. काठावर पडलेली रिकामी चालत नाही. बाळाचं उष्टावण झालं की ती परत डोहात सोडायची. त्यामुळं कुठल्याच घरात जुनी शिंपली सापडत नाही.

मी भोरला कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. एसटी चुकली की चालत घाटरस्त्यानं यायचं, वर्गात मागं बसायचं आणि काही विचारायचं नाही, असं माझं पहिलं वर्ष गेलं. मग आमच्या मॅडमनी एकदा नदीतला शिंपला टेबलावर ठेवला आणि हा कुणी पाहिलाय का, असं विचारलं. माझा हात आपोआप वर गेला. त्या हातामुळं माझं पुढचं सगळं झालं असं मी मानते.

मॅडमनी शिकवलं ते अजून तोंडपाठ आहे. शिंपल्याला पाय असतो, पण त्यानं तो गाळात थोडासाच सरकतो. लांब जातो तो माशाच्या जिवावर. मादी स्वतःच्या कल्ल्यांत वाढवलेली धुळीसारखी बारीक पिल्लं पाण्यात सोडते, ती माशाच्या कल्ल्यांना चिकटतात आणि मासा जिथं जाईल तिथं गळून गाळात रुजतात. हिमयुगात थंड देशांतल्या कितीतरी नद्या बर्फाखाली होत्या. बर्फ वितळलं, नव्या पाण्यातून मासे वर चढले आणि त्यांच्या कल्ल्यांना धरून शिंपलेही गेले. पोचले ते थोडेच, म्हणून तिथं लांबलांबच्या नद्यांतले शिंपलेही एकमेकांचे जवळचे नातलग निघतात. बर्फ जिथं आलंच नाही तिथं जुनी घराणी टिकली आणि खोऱ्याखोऱ्यात वेगळी होत गेली. आपल्या डोंगरात बर्फ नव्हतं. पाऊस कमी-जास्त झाला, ओढे आटले, पण कुठं ना कुठं डोह राहिले.

पदवी झाल्यावर मॅडमनी मला त्यांच्या कामावर घेतलं. भोर आणि वेल्ह्याच्या नद्यांतले शिंपले शोधायचे, पायाचा कणीएवढा तुकडा घेऊन स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा आणि शिंपला होता तिथं परत ठेवायचा. तपासणी पुण्याला व्हायची. आमच्या डोहातले आणि वेल्ह्याकडचे शिंपले एकाच मुळाचे निघाले, पण त्यांची फारकत फार जुनी होती. ते ऐकून मला अभिमान वाटला होता. आमच्या वाडीत एवढं जुनं काही असेल असं कुणी म्हटलं नव्हतं.

माझी धाकटी बहीण वेल्ह्याला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगा दिवस भरायच्या आधी झाला, ओढत नव्हता. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितल्याप्रमाणं दूध काढून चमच्यानं पाजत होते. तो आठवडाभरही राहिला नाही. डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं कच्ची होती. सासूनं मात्र सगळ्यांसमोर विचारलं, की माहेरानं एक शिंपलीसुद्धा धाडली न्हाई का. आई ते ऐकून घरी आली आणि दोन दिवस जेवली नाही.

दुसऱ्या वेळी सातवा लागताच आईनं बहिणीला माहेरी आणवलं. ती आली त्या दिवशीच आई मला म्हणाली, "तुजं रोजचं कामच हाय त्ये. एक शिंपली आणून ठिव."

मी हो म्हटलं. मला त्यात अवघड काही वाटलं नाही.

पाणवठ्यावरच्या बायका खूप वर्षांपासून एक वाक्य बोलायच्या, की डोहात आता नुसते शिंपलेच राहिलेत, शिंपल्या नाहीत. त्यावर हशा व्हायचा, कारण वाडीतही तीच गत होती. पोरं बिनलग्नाची बसलेली आणि मुली पुण्याकडं दिलेल्या. माझी एक चुलती तर त्या पोरांना म्हणायची, "जावा, डोहात जाऊन बसा. तितं तुमचीच भावकी हाय." लहानपणी मीही नर उरले आणि माद्या गेल्या, असंच समजत होते. शिकल्यावर कळलं की आमच्या शिंपल्यांत कवचावरून नर-मादी ओळखू येत नाही, आणि ते वाक्य मी अडाण्यांचं म्हणून सोडून दिलं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं होतं. मी गुडघ्यावर बसून गाळ चाचपत पूर्ण डोह फिरले. हाताला लागले ते सगळे तळव्याएवढे शिंपले, पाठ झिजलेले, काळे पडलेले. तुकडे घ्यायला मोठेच बरे पडतात, म्हणून आजवर मी लहान शोधलेच नव्हते. गाळ चाळणीतून धुऊन पाहिला. वरच्या ओढ्यापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. एकही शिंपली नव्हती. पाण्यात उभी असताना मला बायकांचं ते वाक्य कळलं. त्या नर-मादीचं बोलतच नव्हत्या. लेकरं नाहीत, असं म्हणत होत्या.

रस्त्यावर रेंज आल्यावर मॅडमना फोन केला.  त्या म्हणाल्या, की हे प्राणी खूप वर्षं जगतात, त्यामुळं डोह भरलेला दिसतो. खाली धरण झाल्यापासून खालचा मासा वर येत नाही. वरच्या पाण्यात होते ते मळे नि वाम हे मासे ब्लीचिंग पावडर टाकून मारले गेले, आणि जलाशयातल्या चिलापीच्या कल्ल्यांवर ही पिल्लं बहुधा धरत नसावीत. माद्या अजून पिल्लं सोडत असतील, असंही त्या म्हणाल्या. 

घरी आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि परत विचारलं, "एक तरी आसंल की."

मी सांगितलं की धरणाच्या खालच्या अंगाला, सारोळ्याच्या पुलाखाली बघते, तिथं असतील. आईनं मान हलवली. ते आपलं पाणी नव्हे, म्हणाली. मी दवाखान्यातली चोचीची स्टीलची पाजणी आणायचं सुचवलं, उकळून घेता येते असंही सांगितलं. बहीण भिंतीला टेकून बसली होती.

"पयल्याला चमच्यानंच पाजलं हुतं, ताई," ती म्हणाली.

शिंपलीनं फुप्फुसं पिकत नाहीत, हे मला माहीत होतं. पण तिच्या तोंडाकडं पाहून ते बोलवेना. आईच मग म्हणाली, "शिंपला आन. घासून बारीक करू."

सकाळी मी डोहातून एक शिंपला काढला. इतकी वर्षं प्रत्येक शिंपला जागेवर परत ठेवणारे माझे हात होते. दारात बसून सुरीनं त्याचे स्नायू कापले, तसं कवच सैल होऊन उघडलं. सवयीनं तुकडा बाटलीत टाकला. कल्ले पिल्लांनी फुगलेले होते. ती मादी होती.

आईनं एक शिंप पाट्यावर पाणी घालून घासायला घेतली. शिंपेवर झाडाच्या खोडासारख्या वर्षांच्या रेघा असतात, नवी वर्षं कडेला आणि बालपण बिजागरीपाशी. आई कडेकडेनं घासत होती आणि पांढरं पाणी अंगणात उतरत होतं. आधी धरणानंतरची वर्षं गेली. दुपारी बहिणीनं हातात घेतली. संध्याकाळपर्यंत त्या मादीच्या बालपणाएवढीच शिंप उरली, नदीत वाम होती तेव्हाची. आईनं स्वतःच्या ओठांवर कड फिरवून बघितली, कुठं लागते का.

मुलगी झाली, हीसुद्धा दिवसांच्या आधी. भोरच्या दवाखान्यात काही दिवस काचेच्या पेटीत होती. पेटीतून निघाल्यावर नर्सनं ती शिंप निरखली, उकळून आणायला लावली आणि पाजू दिलं. पहिलं दूध गालावरून ओघळलं. दुसऱ्या घोटाला तिनं जीभ हलवली. बहीण रडत होती आणि आई तिला हात हलवू नकोस म्हणून रागावत होती.

पोरगी राहिली. तिचं उष्टावण आमच्याकडंच झालं. भात चाटवून झाल्यावर मी शिंप घेऊन डोहाकडं निघाले, चप्पल घातली होती. आईनं मागून हाक मारली.

"आण ती हिकडं. पुढच्या लेकराला कुठली आणशील?"

तिनं ती माझ्या हातातून घेतली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली. चप्पल काढून मी आत आले. त्या दिवशी डोहाकडं कुणीच गेलं नाही.