वणव्याचं चिलखत

ताईने बावीस वर्षांत त्रेसष्ट कव्हरं रंगवली आणि त्रेसष्टही वेळा तिच्यापुढे उभा राहिला तो तिचा धाकटा भाऊ. कादंबऱ्या वणवा नावाच्या एका रानटी वीराच्या. डोंगरापलीकडून आलेला, केस मोकळे, कमरेला कातडं, हातात तलवार आणि छाती उघडी. पुस्तकांच्या टपरीवर तो दोरीला टांगलेला असे आणि चारचौघींनी मान फिरवून पुढे जावं असा दिसे. त्याला एका बाईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेणकापड अंथरून, दूध उतू जात नाही ना इकडे एक कान ठेवून काढलंय, हे सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं. कव्हरच्या कोपऱ्यात सहीच्या जागी एक निळा ठिपका असे. तो ठिपका म्हणजे ताई.

रविवारी सकाळी भाऊ यायचा. सदरा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, तलवार म्हणून पडद्याचा दांडा उचलायचा आणि पत्र्याच्या ट्रंकेवर एक पाय ठेवून उभा राहायचा. ट्रंक कधी मेलेला अजगर असे, कधी पडलेल्या राजाची छाती.

"ताई, आज कुणाला मारलंय?"

"सेनापतीला. पोट आत घे."

"वणव्याला पोट नसतं. हा वारा आहे."

एक्केचाळिशी आली होती त्याची. ताई कागदावर त्याचं पोट सपाट करी, कानशिलावरचे पांढरे केस काळे करी. एक डावी करंगळी तेवढी ती जशीच्या तशी काढायची. लहानपणी दारात सापडून ती वाकडी झाली होती, आणि ते दार ताईनेच लावलं होतं.

भाऊ फाउंड्रीत ओतणारा होता. भट्टीतून लोखंडाचा रस लांब दांड्याच्या भांड्यात घ्यायचा आणि वाळूच्या साच्यात ओतायचा. ओतणारे एकूण अकरा. ॲप्रन नि तोंडावरची जाळी चढवलेले सगळे एकसारखेच दिसत. कोण कुणाचा बाप ते ओळखू येत नसे. पण हा पडला वणवा. हजेरी घेताना मुकादमसुद्धा त्याला वणवाच म्हणे. कपडे बदलायच्या खोलीत भिंतभर त्याची कव्हरं चिकटवलेली. बिचाऱ्याला दुसरी कुठली बढती मिळाली नव्हती, ही मिळाली होती.

त्या रविवारी ताईला त्याच्या छातीवर डाग दिसले. कढईतलं तेल उडावं तसे, पण तांबूस काळे, खोल. एक गळ्याच्या खळग्यात होता. तिने ब्रश पाण्यात बुडवून ठेवला.

"हे काय?"

"काही नाही गं. साचा जरा ओला राहिला की रस थुंकतो."

"आणि ॲप्रन?"

त्याने दांडा खांद्यावर घेतला, आवाज घोगरा केला आणि पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवलं, "मी मरणाला आत कोंडून घेत नाही." मग स्वतःच हसला.

ताई हसली नाही. तो गेल्यावर तिने भावजयीला फोन लावला. भावजय शाळेच्या कचेरीत होती, मोजून बोलायची.

"वन्सं, ॲप्रन त्यांच्या कपाटात आहे," ती म्हणाली. "चामड्याचा, चांगला जाड. मिळाला तेव्हा होती तीच घडी आहे. मी बोलून बोलून थकले. ते म्हणतात, वणवा लोखंड अंगावर घेत नाही, पुस्तकात लिहिलंय. आता पुस्तकाशी मी काय भांडू?"

ताईने त्यातलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. प्रकाशकांकडून चार ओळींचा कागद यायचा, तेवढ्यावर ती काढायची. त्यांच्याकडे रीतच उलटी होती: आधी कव्हर व्हायचं, ते दुकानदारांना दाखवायचं, आणि मग लेखक कव्हर समोर ठेवून गोष्ट लिहायचा. तेव्हा पुस्तकाशी भांडायचं तर लेखकाकडेच जायला हवं होतं. ताई गेली.

लेखक तिसऱ्या मजल्यावर राहत. त्यांनी दार चार बोटं उघडलं, आणि "लवकर आत या, वारा येतो," म्हणून लगेच लावून घेतलं. अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, पायांत मोजे, कानांत कापूस. ज्यांचा वीर बर्फात उघडा झोपतो ते गृहस्थ हे. ताईने चहाचा कप हातात घेतला आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "वणव्याच्या अंगात एकदा चिलखत घालता येईल का?"

लेखकांनी कानातला कापूस काढला. "हे तुम्ही विचारता?"

"का?"

"बाई, होतं की त्याच्या अंगात. पहिल्या पुस्तकात बापाचं चिलखत मिळतं त्याला. तेव्हा गोष्ट आधी लिहायचो, तीन पानं लिहिली होती मी त्याच्यावर. कडी न् कडी. मग तुमचं कव्हर आलं, त्यात चिलखतच नाही. प्रकाशक म्हणाले, चित्राला हात लावायचा नाही, गोष्ट बदला. काय करणार? बापाला त्याच चिलखतासकट नदीत बुडवला आणि पोराकडून कधी चिलखत न घालण्याची शपथ वदवून घेतली." त्यांनी मफलर सारखा केला. "लोकांना शपथच आवडली. तेव्हापासून आमच्याकडे चिलखत घालणारा मरतो. सगळे मेले."

ताईला पहिल्या कव्हरचे ते दोन दिवस आठवले. कागदावर लिहिलेलं होतं: अंगात बापाचं चिलखत. आणि तिला चिलखत जमत नव्हतं. लोखंडावर उजेड कसा पडतो ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. चिलखत काढायला जावं तर तेलाचा डबा होई. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने कागद फाडला आणि एकोणीस वर्षांच्या भावाला म्हणाली होती, "सदरा काढ. नुसता उभा राहा."

"मी आता काढलं तर ती तीन पानं परत लिहाल?" तिने विचारलं.

"काढून तर आणा. गोष्ट काय, चित्रामागून येते आमची."

पुढच्या रविवारी भाऊ ॲप्रन घेऊन आला. ताईने आणायलाच लावला होता. घडी उलगडली तर चामडं पुठ्ठ्यासारखं उभंच राहिलं, मधोमध घडीच्या दोन रेघा. त्याने तो गळ्यात अडकवला, मागे नाडी बांधली आणि अवघडून उभा राहिला, जसं काही उसना कोट घालून मुलगी बघायला आलाय.

"ह्यात गुदमरायला होतं, ताई."

"होऊ दे. हलू नकोस."

चामडं चमकत नाही. लोखंड चमकलं असतं तर कुठे, ते बघायला तिने खिडकीचा पडदा बाजूला केला आणि जिथे उजेड पडला तिथे खडूने ॲप्रनवर फुल्या मारल्या. दोन खांद्यांशी, तीन छातीवर, दोन पोटावर. सात. मग ती काढायला बसली. ह्या वेळी तिने घाई केली नाही. तास गेला, दीड तास गेला. भाऊ हलला नाही.

"हे मी कामावर घालावं म्हणून चाललंय ना सगळं?" मध्येच तो म्हणाला.

"हो."

"मग सरळ सांगायचं."

"दहा वेळा सांगितलं. तुझ्या बायकोने शंभर वेळा."

"तुम्ही सांगितलंत गं. वणव्याने कुठे सांगितलंय?" तो हसत होता, पण त्या हसण्याच्या आत काहीतरी हसत नव्हतं, आणि ते तिला दिसलं. "तिथे दहाजण माझ्याकडे बघत असतात, ताई. मी एकदम ॲप्रन घातला तर म्हणतील, घाबरला. पण वणव्यानेच चिलखत घातलं असेल तर गोष्ट वेगळी. कव्हरवर येऊ दे. ज्या दिवशी येईल त्या दिवसापासून घालतो. शब्द."

चित्र झालं, आणि चांगलं झालं. बावीस वर्षांनी का होईना, तिला लोखंड जमलं होतं. ती ते छातीशी धरून प्रकाशकांकडे गेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, चिलखत झकास. खिळे मोजावेत."

"लेखकांशी बोलले आहे मी. ते लिहितील."

"असं?" त्यांनी चित्र हातभर लांब धरलं, जवळ आणलं. "ठेवून जा. घेतो."

'घेतो' हा एवढा एकच शब्द घेऊन ताई जिना उतरली, आणि खाली पोचायच्या आत तिने भावाला फोन केला. "घेतलं रे. चिलखतासकट घेतलं." थोडं थांबली असती, चार प्रश्न विचारले असते, तर? पण चांगली बातमी हातात आली की तिला ती धरवत नसे. तिकडे भावाने त्याच दुपारी सगळ्या फाउंड्रीला सांगून टाकलं: बघाच आता, वणवा चिलखत घालतोय.

महिन्याने पुस्तक आलं. जेवणाच्या सुट्टीत अकराही ओतणारे मिळून टपरीवर गेले.

प्रकाशकांना एवढं सुरेख चिलखत वाया घालवायचं नव्हतं, आणि वणव्याला ते घालायचंही नव्हतं. त्यांनी छापखान्यातल्या माणसाकडून ताईचं चित्र आडवं करवलं, चेहऱ्यावर दाढी नि शिरस्त्राण चढवलं, तोंडातून रक्त काढलं. जुन्या एका कव्हरवरचा उघड्या छातीचा वणवा कापून वर उभा केला आणि त्याचा पाय आडव्या माणसाच्या छातीवर दिला. दाढीमुळे कुणी ओळखलं नसतं. पण जो वर उभा होता त्याची डावी करंगळी वाकडी होती, आणि जो खाली मरून पडला होता त्याचीही.

मुकादमाने नंतर सांगितलं, आधी प्रत हातोहात फिरली. मग एकजण म्हणाला, "चला, वणव्याने वणव्याला मारलं," आणि सगळे हसले. वाईट बुद्धीने नव्हे, सहज. भाऊही हसला. कपडे बदलायच्या खोलीत कुणीतरी त्याच्या कपाटावर ते कव्हर चिकटवलं आणि आडव्या माणसाखाली लिहिलं: ॲप्रन सांभाळा.

घरी येऊन त्याने पुस्तक फळीवर ठेवलं, जेवला, आणि बायकोला एवढंच म्हणाला, "ताईला काही बोलू नकोस. तिला वाईट वाटेल."

ताईला प्रत टपालाने दोन दिवसांनी मिळाली. तिने तिथल्या तिथे फोन उचलला.

"ऐक, हे मी केलेलं नाही. मला विचारलंसुद्धा नाही रे त्यांनी."

"अगं, जाऊ दे. चिलखत काय काढलंयस. सगळे म्हणत होते."

"ॲप्रन घालतोस ना?"

"घालतो गं."

"खरं सांग."

"घालतो म्हटलं ना, ताई. रोज घालतो."

ताईने विश्वास ठेवला. ठेवायचाच होता तिला. त्या संध्याकाळी तिने किती दिवसांनी पोटभर जेवून घेतलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी एक साचा ओला राहिला. रस आत गेला आणि तसाच उसळून वर आला. भावाच्या दोन बाजूंना दोघे उभे होते. त्यांच्या ॲप्रनवर करपलेले चट्टे पडले, एकाच्या मनगटाला चटका बसला, आणि दुपारी दोघे कामावर परत होते. भाऊ नऊ दिवस इस्पितळात होता. छातीवर चादर टेकू नये म्हणून वर लोखंडी सळ्यांची कमान लावलेली, त्यावर चादर. ताई रोज जायची. स्टुलावर बसायची, आणि त्या कमानीवर खिडकीतला उजेड कुठे कुठे पडतो ते तिला नको असताना दिसायचं. तो फारसा बोलत नसे. एकदा म्हणाला, "पोट आत गेलं बघ." दहाव्या दिवशी पलंग रिकामा होता.

मग कितीतरी दिवस ताईच्या घरी ट्रंक होती तिथेच राहिली. तिच्यावर प्रकाशकांचा माणूस ठेवून गेलेला चार ओळींचा कागद पडून होता, पुढच्या कव्हरचा. 'जुनी चित्रं असतीलच आपल्याकडे,' असं खाली आपुलकीने लिहिलेलं. होती. तिच्या कपाटात त्याची इतकी चित्रं होती की वणवा अजून वीस वर्षं जगला असता.

एका दुपारी भावजय पिशवी घेऊन आली. फाउंड्रीने कपाट रिकामं करून दिलं होतं. डबा, चपला, कंगवा, आणि तळाशी घडी घातलेला ॲप्रन. तिने तो मेणकापडावर उलगडला आणि कोड्यात पडल्यासारखी बघत राहिली.

"वन्सं, ह्या पांढऱ्या फुल्या कसल्या?"

ताई उठून जवळ आली. चामड्यावरचा खडू नुसती बाही घासली तरी जातो. घामाने तर जातोच. एक दिवस, एक तास अंगात घातला असता तरी दोन-चार पुसल्या गेल्या असत्या.

"माझ्या आहेत," ती म्हणाली.

"पुसू? फडकं देता का ओलं?"

ताई बोट न लावता मोजत होती. खांद्यांशी दोन, छातीवर तीन, पोटावर दोन. सातही होत्या.