मेंढीच्या कातड्याची ढाल

ऑर्डगर आमच्या गावात ढाली करायचा. हलक्या लाकडाच्या फळ्या जोडायच्या आणि वरून बैलाचं ओलं कातडं ताणून बसवायचं. ते सुकलं की फळ्यांना असं आवळून धरतं, की कुऱ्हाडीचा घाव बसला तरी त्या फाकत नाहीत. मेंढीच्या कातड्यात तो जीव नाही. म्हणून ढालीला मेंढीचं कातडं लावायचं नाही, असा जुन्या राजांचा कायदाच होता, आणि तो शेंबड्या पोरालाही ठाऊक होता.

त्या साली म्हातारा राजा मूलबाळ नसताना गेला. मुकुट आपल्यातल्याच एका सरदाराने डोक्यावर चढवला, आणि नॉर्वेचा राजा म्हणाला, तो माझा. गलबतं भरभरून माणसं घेऊन तो आमच्या नदीत शिरला. लढाईला पाच घरांमागे एक माणूस द्यायचा, बाकीच्यांनी त्याला नीट तयार करून धाडायचं, हा आमचा रिवाज. आमच्या पाच घरांतून विस्टन निघाला. भाला एकाने दिला, शिदोरी दुसऱ्याने. ढाल ऑर्डगरने द्यायची.

बैलाचं कातडं होतं हो त्याच्याकडे! पण त्याचे त्याने जत्रेत मिरवायला गुडघ्यापर्यंतचे जोडे शिवून घेतले होते. आता सांगणार कुणाला? त्याने मेंढीचं कातडं ताणलं आणि वर लालभडक रंग फासला.

"अहो, हे मेंढीचं आहे," त्याची बायको एडिल्ड म्हणाली.

"रंगाखाली कोण बघतंय? आणि लढाई होतेय कुठे! दोघे राजे मांडीला मांडी लावून जेवतील आणि मिटवतील."

"मग तुम्हीच जा की ही ढाल घेऊन."

त्याने रंगाचा आणखी एक हात मारला. विस्टन आला, त्याने ढाल उचलून पाहिली. "वा दादा, केवढी हलकी केलीस!"

"तुझ्या हाताला त्रास नको," ऑर्डगर म्हणाला. हे वाक्य त्याला पुढे जन्मभर ऐकू येत राहिलं.

राजे काही जेवले नाहीत. नदीवरच्या पुलापाशी दिवसभर कापाकापी झाली. आपण जिंकलो, नॉर्वेचा राजा पडला, अशी बातमी आली. विस्टन मात्र आला नाही. ऑर्डगर रोज चर्चमध्ये गुडघे टेकायला लागला. लोकांना वाटलं, विस्टनसाठी. खरं म्हणजे तो मागत होता, की विस्टन मेला असेल तर ढाल नदीत वाहून जाऊ दे. आपण काय मागतोय हे एकदा त्याच्या ध्यानात आलं आणि तो तसाच उठून बाहेर आला. पुन्हा वेदीकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

तीन आठवड्यांनी विस्टन आला. डाव्या हाताची तीन बोटं गेलेली, ढालीचा पत्ता नाही. गावाने जवाची दारू काढली आणि पहिला पेला ऑर्डगरच्या हातात दिला. ढाल करणाऱ्याचा तो मानच. ऑर्डगरने खरं सांगायला तोंड उघडलं, तसा विस्टनने त्याला कोपऱ्यात ओढला.

"गप बस. ढाल दुसऱ्याच घावाला फाकली. कातडं मी ओरबाडून नदीत टाकलं, कुणाच्या नजरेला पडायच्या आत."

"का रे?"

"गावाने तुला हाकलून दिलं तर माझं शेत कोण नांगरणार? या हाताने?"

त्या दिवसापासून ऑर्डगर आधी विस्टनचं शेत नांगरायचा, मग स्वतःचं. ढाली सोडल्या, बादल्या करायला लागला. इकडे मुकुट समुद्रापलीकडून आलेल्या तिसऱ्याच माणसाच्या डोक्यावर गेला. त्याच्याशी लढायला दक्षिणेत गेलेले बरेच परतले नाहीत. विस्टन हसून म्हणायचा, "बोटं असती तर मीही गेलो असतो." ऑर्डगर एक हिवाळाभर या बोलण्याची ऊब घेत राहिला. पण त्याला पुरतं ठाऊक होतं, जोडे शिवून घेताना त्याने विस्टनच्या जिवाचा विचार केलेला नव्हता.

सगळ्यांत वाईट म्हणजे लोक त्याचं कौतुक करायचे. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं, म्हणायचे. तो मान खाली घालायचा, तर किती विनयशील, म्हणून आणखी कौतुक!

दुसऱ्या वर्षी नव्या गव्हाच्या पहिल्या पावाचा सण आला. त्या दिवशी विस्टनच्या बायकोने, सिफ्लेडने, पहिला पाव घरात न ठेवता शेतात आणला आणि सगळ्यांदेखत ऑर्डगरच्या हातात दिला.

"घ्या भाऊजी. आमचं घर तुमच्यामुळे उभं आहे."

पाव अजून गरम होता. ऑर्डगरला तो धरवेना.

"ढालीला मेंढीचं कातडं होतं," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

कापणी करणारे हात थांबले. विस्टन हळूच म्हणाला, "सांगून टाकलंस होय, मूर्खा." सिफ्लेडने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे, मग ऑर्डगरकडे. मग तिने ऑर्डगरच्या हातातून पाव काढून घेतला आणि टोपलीत ठेवून वर फडकं झाकलं.

"उद्या उजाडताच या," ती म्हणाली. "ओढ्याकडचे दोन पट्टे कापायचे राहिलेत."

ऑर्डगर उजाडायच्या आधीच गेला. त्या दिवशी त्याला कुणी चांगला म्हणालं नाही, आणि दुपारी ओढ्याकाठी त्याने आपली शिळी भाकरी पोटभर खाल्ली.